दोन बोटं जाडीची घडी

"इथं थांबवता येतं का हो?" बाईंनी विचारलं.

"कुठं?"

"बाळाला आडवं ठेवतात तिथं."

नाझनीननं फिल्म थोडी मागं नेली आणि थांबवली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आमचं बाळ स्थिर झालं. गुलाबी, गुटगुटीत, डोळे मिटलेलं. पावडरच्या जाहिरातीत शोभावं असं. बाई खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेल्या आणि बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या. साठीच्या पुढच्या असाव्यात. खांद्याला रेक्झिनची पिशवी होती. ती खाली ठेवा म्हणून मी दोनदा सांगितलं, दोनदा त्यांनी मान हलवली.

सकाळी मी स्टुडिओ उघडायला आलो तेव्हा त्या जिन्यात बसलेल्या होत्या. "मी जमुना पावरा. धडगावकडची. नर्स होते, आता रिटायर झाले," एवढं सांगून त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. त्यावर आमचीच फिल्म होती. "ही तुम्ही केली ना? खाली तुमचं नाव आहे."

मी हो म्हणालो. त्यांचंही नाव त्या फिल्ममध्ये होतं. अगदी शेवटी, सगळ्यांत बारीक अक्षरांत, मीच घातलं होतं: 'चित्रे: सौजन्य जमुना पावरा.'

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा नाशिकला शालिमारजवळ माझा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. मी लग्नांच्या शूटिंगपासून सुरुवात केलेला माणूस. जोडीला मालेगावची नाझनीन मोमीन. ती कॉम्प्युटरवर चित्रं हलवण्यात इतकी तरबेज की तिच्या जिवावरच आमचं चाललं होतं. मुंबईच्या एका कंपनीनं गावोगावच्या आशाताईंसाठी मोबाइल ॲप काढलं होतं. त्यात शिकवण्यासाठी बारा फिल्म हव्या होत्या आणि ते काम आमच्यासारख्या लहान लोकांना मिळालं होतं. पहिली फिल्म जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाची. तशा बाळाला पहिल्या मिनिटात काय करायचं, एवढाच विषय. इंटरनेटवर शोधताना एका नर्सनं बॉलपेननं काढलेली सव्वीस चित्रं सापडली. इतकी सोपी, इतकी नेमकी की पटकथा लिहायची गरजच उरली नाही. आम्ही ती चित्रं उचलली, रंगवली, हलती केली.

आमच्या धंद्यात 'सौजन्य' लिहिलं की गंगेत डुबकी मारल्यासारखं असतं. लग्नाच्या व्हिडिओत सिनेमातलं गाणं घाला, कुणाच्या तरी ब्लॉगवरचा फोटो उचला, खाली सौजन्य म्हणून नाव टाका, पाप धुतलं. मी पंधरा वर्षं हेच करत आलो होतो आणि कुणी कधी जाब विचारला नव्हता. आज विचारायला कुणीतरी आलंय, असं मला वाटलं.

"सिस्टर," मी म्हणालो, "तुम्हाला आधी फोन करायला हवा होता, माझं चुकलंच. मानधनाचं आपण बसून ठरवू."

"पैशासाठी नाही आले मी, भाऊ." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही घडी कोणी बदलली?"

"कसली घडी?"

"बाळाच्या खांद्याखाली कापड आहे ना, ते."

मी पाहिलं. बाळाच्या खांद्याखाली एक छानशी निळी उशी होती. त्यावर पांढरे ठिपके. ठिपके माझी कल्पना.

बाईंनी पिशवीतून एक शाळकरी वही काढली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. त्यातलं सातवं चित्र त्यांनी टेबलावर उघडून ठेवलं. तेच बाळ, बॉलपेनच्या निळ्या रेषांमधलं, हडकुळं. खांद्याखाली दुमडलेलं लुगड्याचं फडकं. आणि फडक्याच्या बाजूला एक हात, कुणाच्याही अंगाला न जोडलेला. त्याची दोन बोटं एकावर एक आडवी, फडक्याला टेकलेली.

"हा हात फिल्ममध्ये नाही," त्या म्हणाल्या.

नाझनीन वहीवर वाकली. "तो मी काढून टाकला, सिस्टर. मध्येच हात येत होता. कुणाचा ते कळेना. मला वाटलं चुकून राहिलाय."

"ते माप आहे, बेटा. घडी दोन बोटं जाडीची. पाड्यावर पट्टी कुठून आणणार बाळंतपणाच्या वेळी? बोटं सगळ्यांना असतात."

फ्रेममधला अडगळीचा हात. आम्ही व्हिडिओवाले लोक, फ्रेम स्वच्छ करायची आमची सवयच असते. विजेची तार, खिडकीतली बादली, कोपऱ्यात डोकावणारा पाहुणा, सगळं पुसून टाकायचं. नाझनीननं तेच केलं होतं, आणि मी शाबासकी दिली होती.

"आणि जाड कोणी केली?" बाईंनी विचारलं.

"मी." मी म्हणालो. "बारीक घडी मोबाइलच्या स्क्रीनवर दिसेना. मी हिला म्हटलं, जाड कर, उठून दिसू दे."

त्यांनी मान डोलावली. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी माझा हातरुमाल उचलला, त्याची घडी घातली आणि वर्गात शिकवावं तसं सांगू लागल्या. "मोठा माणूस बेशुद्ध पडला की त्याची मान चांगली मागं करतात. त्यानं श्वासाची वाट उघडते. तान्ह्या बाळाची मान लवचीक, डोकं जड. मान थोडीशीच मागं हवी. जास्त मागं गेली की आतली वाट मुडपते. मग तोंडावर मास्क धरून अंबू बॅगचा, म्हणजे हवा भरायचा फुगा कितीही दाबा, हवा छातीत जातच नाही. तुमच्या उशीवर ठेवलेलं बाळ आकाशाकडं बघतंय, पाहा."

मी पाहिलं. खरंच बघत होतं.

"दहा मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो. खरं सांगायचं तर माझा जीव भांड्यात पडला होता. पैसे नकोत, भांडण नको, फक्त एक उशी पातळ करायची. "आज करून टाकतो."

"आणि हे?" त्यांनी मोबाइल उचलला. "यातली कधी बदलेल? आमच्या सगळ्या आशा मुलींच्या फोनमध्ये ही आहे. मी विचारलं, पुसता येईना. दुसऱ्या फोनवर घेता येईना. आवाज बंद करून आपल्या भाषेत बोलू म्हटलं तर तेही जमेना. कुलूप घातल्यासारखं आहे."

तेवढ्यासाठी कंपनीला फोन लावणं भाग होतं. मी आतल्या खोलीत गेलो. आमचा व्यवहार ज्यांच्याशी चालायचा ते दळवी नावाचे गृहस्थ होते. वागायला गोड, घाईतले.

"बदल पुढच्या अपडेटला, तीन महिन्यांनी," सगळं ऐकून ते म्हणाले. "डॉक्टरांच्या समितीपुढं ठेवावं लागेल."

"तोवर फिल्म काढून ठेवता येईल?"

"एका रिटायर्ड नर्सच्या सांगण्यावरून? गायधनी, तीन जिल्ह्यांत चालू आहे ती."

"ज्यांची चित्रं आहेत त्याच आल्यात, साहेब."

मग दळवींचा आवाज बदलला. "कुणाची चित्रं? करारात तुम्ही लिहून दिलंय की सगळं काम तुमचं स्वतःचं आहे."

"सौजन्य दिलंय शेवटी."

"सौजन्य जाऊ द्या. ती चित्रं घेताना अट काय होती?"

अट मी वाचलीच नव्हती. फोन कानाला धरून मी ते इंटरनेटवरचं पान पुन्हा उघडलं. सव्वीस चित्रांच्या खाली, मी जिथवर कधी पोचलो नव्हतो तिथं, चार ओळी होत्या. मी त्या त्यांना वाचून दाखवल्या:

'ही चित्रे कोणीही वापरावी, छापावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी. ज्यांनी केली त्यांचे नाव द्यावे. काय बदलले ते स्पष्ट लिहावे. यातून जे नवे कराल तेही याच अटींवर सर्वांना खुले ठेवावे, त्यास कुलूप घालू नये.'

"म्हणजे आमची फिल्म कुणीही फुकट घ्यायची?" दळवी म्हणाले.

"आणि बदलायची."

"असं बघा." ते आता सावकाश बोलत होते. "चित्रं बाईंची, म्हणजे हक्क बाईंचा. अट त्यांनी घातली तशी त्या आपल्यापुरती सोडूही शकतात. कायद्यात बसतं. मी मसुदा पाठवतो, ना-हरकत. त्यावर सही घ्या. सही आली की घडीचं मी स्वतः लक्ष घालतो. नाही आली तर उरलेल्या अकरा फिल्मचं तुम्हीच समजून घ्या. आणि खोटं लिहून दिल्याचं आमचे वकील बघतील."

मसुदा पाच मिनिटांत आला. मी छापून बाईंपुढं ठेवला, पेन ठेवलं, चहा मागवला. त्यांनी चष्मा लावला आणि कागद पहिल्या शब्दापासून वाचायला घेतला. चाळीस वर्षं सरकारी कागद वाचलेली बाई. एकही ओळ त्यांनी गाळली नाही.

"सही केली तर घडी कधी बदलेल?"

"तीन महिन्यांनी."

"नक्की?"

"ते म्हणालेत, लक्ष घालतो."

"आणि पावरीत कधी करणार? आमच्या बायकांना हे मराठी कळत नाही."

"त्यांच्या यादीत पावरी नाही, सिस्टर."

"मग आम्ही केली तर?"

कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: फिल्ममध्ये कोणताही बदल करण्याचा अधिकार फक्त कंपनीला.

त्यांनी चष्मा काढला. "मला सही करता येत नाही, भाऊ."

"विचार करा ना थोडा. चित्रं तुमची..."

"चित्रं माझ्या एकटीची नाहीत." त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. त्यावर अंगठे होते, निळ्या शाईतले, प्रत्येकाच्या बाजूला बाईंच्या अक्षरात एक नाव. भुरीबाई. गमलीबाई. सायकाबाई. असे चौदा. "मी काढायचे आणि या सुइणी सांगायच्या, हे कळतं, हे कळत नाही. तीन दिवस माझ्या अंगणात बसल्या होत्या. मी आधी घडीच्या बाजूला 'एक इंच' लिहिलं होतं. भुरीबाई म्हणाली, हे अक्षर कुणाला वाचता येतंय, माझी बोटं काढ. म्हणून तो हात."

"आणि ही अट?"

"तीही त्यांचीच. आधी एकदा आमच्या चित्रांचा पोस्टर निघाला होता. छापणाऱ्यानं खाली लिहिलं, नक्कल करण्यास मनाई. गमलीबाई शेजारच्या पाड्यासाठी झेरॉक्स काढायला गेली तर तिला हाकलून दिलं. तिनंच सांगितलेलं चित्र, आणि तिलाच मनाई. मग दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, तो म्हणाला, अशी एक अट असते. घ्या, पण पुढंही द्या. सुइणींना ते लगेच कळलं. आमच्याकडं चूल विझली की शेजारणीकडून विस्तव आणतात. आणलेल्या विस्तवावर चूल पेटवली आणि दुसरीला नाही म्हटलं, असं कुणी करत नाही." त्यांनी पानावरून हात फिरवला. "अट मोडायची तर चौदा जणींना विचारायला पाहिजे. यातल्या पाच आता नाहीत. भुरीबाई पण नाही. त्यांना कुठं विचारू?"

यापुढं मी जे बोललो ते आजही आठवलं की शरम वाटते.

"सिस्टर, तुम्ही सही केलीत तर त्या पाच जणींचं कुणाला कळणार आहे?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "हात पुसताना तुम्हालाही असंच वाटलं असेल," त्या म्हणाल्या.

चहावाला पोऱ्या कप ठेवून गेला. कुणी कप उचलला नाही.

"दादा," नाझनीन म्हणाली. ती केव्हाची कॉम्प्युटरकडं तोंड करून बसली होती. मला वाटलं होतं, अवघड प्रसंगातून तिनं अंग काढून घेतलंय. "झालंय. बघून घ्या."

पडद्यावर उशी गेली होती. तिथं लुगड्याचं फडकं होतं, दोन बोटं जाडीचं दुमडलेलं. बाजूला तो हात परत आला होता. बाळाचं तोंड सरळ समोर होतं.

"मी अजून कुठं टाकलेली नाही," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात तर पुसते. पण अकरा फिल्मसाठी पुसत असाल तर पुढच्या अकरांमध्ये मला धरू नका."

नाझनीन माझ्याकडं नोकरीवर होती. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, सगळा भार हिच्यावर. तिला जे परवडत होतं ते मला परवडू नये, हे माझ्या जिवाला लागलं. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. "शेवटी अट टाइप कर," मी म्हणालो. "इंटरनेटवरचं ते पान समोर घे, शब्द बदलू नकोस. बाईंचं नाव घे, वहीतून चौदा जणींची घे. आणि ही फिल्म कुणीही घ्यावी, बदलावी, असं लिही."

ती टाइप करत गेली. बाई मागं उभ्या राहून वाचत होत्या. मला वाटलं, माझा भाग संपला. धंदा गेलाच होता. निदान सुटलो तरी.

"तिसरी ओळ राहिली," बाई म्हणाल्या.

"कुठली?"

"काय बदललं ते लिहायचं."

"लिहितो की. 'सुधारित आवृत्ती'."

"काय सुधारलं?"

"घडीची जाडी."

"का सुधारली?"

मी मागं वळून पाहिलं. त्यांचा चेहरा मघासारखाच होता.

"आधीच्या फिल्ममध्ये चुकीची दाखवली होती, असं लिहा," त्या म्हणाल्या. "कुणी दाखवली तेही लिहा. आणि शेवटी नको, सुरुवातीला लिहा."

"सिस्टर, ते मला वकिलापुढं लिहून दिल्यासारखं होईल. नवी फिल्म पाहिली की लोक नवं करतील. जुन्याचा उच्चार कशाला?"

त्या परत खुर्चीत बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. नाझनीननं कीबोर्डवरचे हात काढले.

"आमच्याकडं रमिला आहे," त्या म्हणाल्या. "पाड्यावरची आशाताई आहे. चोवीस वर्षांची. माझ्याच हाताखाली शिकली. दोन महिन्यांपूर्वी तिच्या पाड्यावर एक बाई अडली. जीप घाटाखाली, वर यायला रस्ता नाही. बाळ झालं, रडलं नाही. रमिलानं पुसलं, पाठ चोळली, सगळं केलं. मग खांद्याखाली घडी. मी तिला दोन बोटंच शिकवली होती. पण आठवड्याआधी ट्रेनिंगमध्ये तिनं तुमची फिल्म पाहिली. तिला वाटलं, सिस्टर जुन्या झाल्या, आता नवीन शास्त्र आलं असेल. तिनं गोधडी दुमडून ठेवली. फुगा दाबत राहिली. छाती हललीच नाही."

नाझनीननं तोंडावर हात धरला.

"मुलगी होती," बाई म्हणाल्या. "गोधडीमुळंच गेली असं मी म्हणणार नाही. दोन बोटांवर जगलीच असती असंही म्हणणार नाही. मी चाळीस वर्षं हे बघितलंय. काही बाळं काहीही करा, जातात. पण छाती हलली नाही ते मला कळलं, आणि फिल्म बघितल्यावर का हलली नाही तेही कळलं."

"आणि रमिला?" मी विचारलं.

"तिनं औषधांची पेटी परत केली. बाळंतपणाला जात नाही. घराबाहेर येत नाही. म्हणते, माझ्या हातानं मेली. मी सांगितलं, तुझं नाही चुकलं, फिल्म चुकली. ती म्हणते, एवढी मोठी फिल्म कशी चुकेल, तुम्ही माझी समजूत काढताय." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मी सांगून उपयोग नाही, भाऊ. ज्यानं केली त्यानं सांगायला पाहिजे. अटीत आहेच ते. नसतं तरी मी आले असते."

त्या ठिपक्यांच्या उशीवर मी किती खूश झालो होतो ते मला आठवलं. दळवींनी मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवली होती. मला रडू येत होतं आणि रडण्याचा मला काही हक्क आहे असं वाटत नव्हतं.

मी नाझनीनला उठवलं आणि स्वतः टाइप केलं. चार वेळा खोडलं. शेवटी राहिलं ते असं:

'या फिल्मच्या पहिल्या आवृत्तीत बाळाच्या खांद्याखालची घडी जाड दाखवली होती. ते चूक होते. मूळ चित्रात घडी दोन बोटे जाडीची आहे. जाड घडीने बाळाचा श्वास अडू शकतो. ती फिल्म पाहून ज्यांनी तसे केले, त्यांची चूक नाही. चूक माझी आहे. मुकुंद गायधनी, निर्माता.'

"माझंही नाव घाला," नाझनीन म्हणाली. "हात मी पुसला."

"जाड कर कोण म्हणालं?"

तिचं नाव मी घातलं नाही.

बाईंनी मजकूर वाचला, एका शब्दालाही हात लावला नाही. मग म्हणाल्या, "आता मला माईक द्या." दुपारभर त्या बंद खोलीत बसून फिल्म पावरीत बोलल्या. कागद नाही, काही नाही; एकेक दृश्य बघायच्या आणि बोलायच्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. सुरुवातीच्या त्या मजकुराशी आल्या तेव्हा मात्र अनोळखी शब्दांमधून माझं नाव ऐकू आलं. मी लिहिल्यापेक्षा त्यांचं बोलणं लांबलं होतं, म्हणून बाहेर आल्यावर मी विचारलं, जास्तीचं काय बोललात.

"जास्तीचं काही नाही. आमच्याकडं निर्माता म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं."

चार वाजता फिल्म इंटरनेटवर टाकली, दोन्ही भाषांत, विनाकुलूप. एक प्रत पेनड्राइव्हवर घालून बाईंना दिली. त्या शहाद्याच्या गाडीसाठी निघाल्या. जिन्यात नाझनीननं त्यांच्या पायाला हात लावला, तर म्हणाल्या, "मला उशीर होतोय, बेटा."

पुढं जे व्हायचं ते झालं. सहाव्या दिवशी कंपनीनं जुनी फिल्म ॲपमधून काढली आणि सातव्या दिवशी मला नोटीस आली. अकरा फिल्म दुसऱ्याकडं गेल्या. वर्षभरानं मी शालिमारची जागा सोडली आणि घरातल्या एका खोलीत काम सुरू केलं. नाझनीन पुण्याला चांगल्या नोकरीला लागली. तिचं भलंच झालं. आमची नवी फिल्म मात्र कुठं कुठं गेली. मेळघाटातल्या कुणीतरी ती कोरकूत केली आणि बाळाचा गुलाबी रंग बदलून सावळा केला, ते फार बरं केलं. गोंडीत आली, उडियात आली. मला कुणी विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती. पण अट सगळ्यांनी पाळलेली. प्रत्येक फिल्मच्या सुरुवातीला तो मजकूर आहे आणि प्रत्येक भाषेत माझं नाव ऐकू येतं. आधी ते ऐकताना मान खाली जायची. आता तेवढी जात नाही, पण सवय झाली असं म्हणणंही खरं होणार नाही.

एक सांगायचं राहिलं. बाई गेल्या त्याला तीनेक आठवडे झाले असतील. नोटिशीचे कागद घेऊन मी वकिलाच्या दारात उभा होतो, दुपारची वेळ. फोन आला, नंबर अनोळखी.

"गायधनी सर का?" तरुण मुलीचा आवाज. मागं कोंबड्यांचा कलकलाट.

"हो."

"फिल्मच्या आधी लिहिलंय ते तुम्ही लिहिलं?"

"हो. कोण बोलतंय?"

तिनं नाव सांगितलं नाही. "खरं आहे का ते? का सिस्टरनी तुम्हाला लिहायला लावलं?"

"लिहायला त्यांनीच लावलं," मी म्हणालो. "पण लिहिलंय ते खरं आहे."

"घडी तुम्हीच जाड केली?"

"मीच. बारीक घडी दिसत नव्हती."

"दिसायला चांगली दिसावी म्हणून?"

"हो."

वकिलाचा कारकून दार उघडून मला आत बोलवत होता. मी त्याला हातानंच थांबवलं.

"म्हणजे मी दाखवलं तसंच केलं होतं," ती म्हणाली.

"हो, रमिला. तू दाखवलं तसंच केलंस."

नाव घेतलं तशी ती रडायला लागली. तिचं रडणं संपेपर्यंत मी फोन ठेवला नाही.